दोन वाजता, डावी कूस

अण्णा, आईला के. आर. पुरमच्या पलीकडे एका नर्सिंग होममध्ये ठेवलंय, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. बाथरूमच्या उंबऱ्यावर पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, रॉड बसला, पण अजून तिला स्वतःच्या बळावर कुशीवर वळता येत नाही. राजाजीनगरचं आपलं घर तसंच दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिनाही तसाच अरुंद आहे, तुम्हाला खुर्चीत बसवून खाली आणताना चौघांचे कोपर खरचटले होते तोच. घरात तिसरं माणूस नाही. मी लग्न केलं नाही, हेही तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून सात ठिकाणं बघितली आणि त्यातलं हे निवडलं. निवडल्यावरही बघणं काही थांबवलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कारखान्यात हेल्पर होतो. आज राजाजीनगरच्याच इंडस्ट्रियल भागात माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. कारखान्यांतली मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही ते मी तपासतो आणि सही करून दाखला देतो. कॉलेजची पायरी न चढता, शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून पुस्तकं वाचत इथवर आलो, हे जरा ताठ मानेनं सांगतो. ऐकायला तुम्ही हवे होतात. तर माणसाची देखभाल कशी आहे ते ठरवायचं म्हटल्यावर मी तीही तशीच तपासायला घेतली. दर रविवारी जातो. आईच्या उशाची घंटी दाबतो आणि कोणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघतो. पाण्याचा पेला तिचा हात पोचेल इतक्या अंतरावर आहे का, पलंगाच्या चाकांचे ब्रेक लागलेत का, भरवणारी बाई पहिला घास गिळेपर्यंत थांबते की चमचा तोंडापुढे धरून ठेवते, सगळं वहीत लिहितो. तिथली इनचार्ज सिस्टर एकदा हसून म्हणाली, "सर, तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हटलं, "नाही. डॉक्टरांचा थर्मामीटर बरोबर आहे का, ते बघणारा आहे." त्यावर ती पुन्हा हसली नाही.

पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल शेवटी एकाच ठिकाणी दिसते, त्याच्या पाठीवर. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाशी, खुब्यावर, टाचेवर कातडी लाल होते आणि मग फाटते. टाचा मी बघतो. पाठ कशी बघू? मुलगा आहे मी. एकदा आडून आडून विचारलं, तर आई म्हणाली, "बायको केली असतीस तर आज तिनं बघितलं असतं. तू आपला घंटी वाजवून घड्याळ बघत बस." त्यामुळे माझा सगळा भरवसा कूस बदलण्याच्या तक्त्यावर. तो नर्सच्या टेबलावर असतो. दोन वाजता, डावी कूस. चार वाजता, उताणं. सहा वाजता, उजवी कूस. पुढे सही.

गेल्या रविवारी मी पोचलो तेव्हा दोनला वीस मिनिटं होती. तक्ता बघितला, तर दोनची नोंद झालेली. चारचीसुद्धा. सही आईच्या वॉर्डातल्या बाईंची. पन्नाशीच्या आहेत, निपाणीकडच्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी तक्ता उचलून त्यांच्यापुढे धरला.

"अक्का, दोन वाजलेत का?"

"न्हाई अजून."

"मग हे काय?"

त्यांनी तक्त्याकडे बघितलं आणि माझ्याकडे. "वो साहेब, माझ्याकडं नऊ बेड हायत. वळवून झालं की हात भरलेले असत्यात, तेल, पावडर, कधी आणि काय. मग ह्या टेबलापातूर यायचं, हात धुवायचे, लिवायचं, तवर पलीकडची अज्जी हाका मारत असती. म्हणून जेवायच्या आधी एकदमच लिवून टाकते. वळवायचं चुकवत न्हाई."

"ते मी कशावरून समजू?"

"आईला इचारा की तुमच्या."

"आईचा प्रश्न नाही. दोनची नोंद दोनच्या आधी केली म्हणजे ती खोटी नोंद."

माझा आवाज चढला असणार, कारण इनचार्ज सिस्टर धावत आली. तिनं तक्ता बघितला, माफी मागितली आणि म्हणाली, "उद्यापासून त्यांना या वॉर्डातून काढते, सर." अक्का नुसतं "सरी, बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन वाजून तीन मिनिटांनी त्यांनी आईच्या पलंगाचा पडदा ओढून घेतला. मी बाहेर उभा. आतून दोघींचं काहीतरी कुजबुजणं ऐकू आलं आणि मग आईचं हसणं, ते दाबून हसते तसलं. खूप दिवसांत ऐकलं नव्हतं.

पडदा सरकला तेव्हा ती डाव्या कुशीवर होती आणि हसत नव्हती. "काढलीस तिला?"

"आई, तिनं न करताच लिहिलं होतं."

"तीन वर्षं तुझ्या अण्णांना वळवलंय मी. मला शिकवू नकोस. ही बाई आधी हातावर हात चोळून गरम करते आणि मग अंगाला लावते. ते आहे का तुझ्या वहीत?"

"नाही."

"मग लिही." आणि तिनं तोंड फिरवलं. अंग फिरवता येत नाही, म्हणून नुसतं तोंड.

परतीच्या मेट्रोत बैय्यप्पनहळ्ळी मागे पडेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की माझंच बरोबर आहे. मॅजेस्टिकला गाडी बदलायची, तर मी राजाजीनगरच्या उलट्या बाजूच्या गाडीत शिरलो आणि चिकपेटला उतरलो. का ते विचारू नका. रविवार, अर्धी दुकानं बंद. तिथल्या जिन्याखालच्या तुमच्या शिवणाच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तुमचं मशीन जिथं होतं तिथं एक आरसा लावलाय. त्यात मला मीच दिसलो, पिशवी काखेत घेतलेला, तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठा. खडूचा तो वास कुठून येणार. तरी मी जरा वेळ श्वास घेत उभा राहिलो.

दसऱ्याच्या गर्दीत तुम्ही मला मापं लिहायला बसवायचात. मी एकोणीस वर्षांचा असेन. एक म्हातारे कारकून कोट शिवायला आलेत, मुलीच्या लग्नासाठी. तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकलेले, म्हणून टेप माझ्या हातात. मी उजव्या बाहीचं माप घेतो आणि डाव्या बाहीपुढे तेच लिहून मोकळा होतो. तुम्ही लांबूनच विचारता, "दुसरा हात मोजलास?" मी म्हणतो, "सारखेच असतात की, अण्णा." "ह्यांना विचार, सारखे आहेत का." कारकून बिचारे ओशाळून हसतात. तुम्ही येऊन डावा हात मोजता. पाऊण इंचाचा फरक निघतो. गिऱ्हाइकासमोर तुम्ही एक शब्द बोलत नाही. तासाभरानं मला समोरच्या हॉटेलात नेता, बाय-टू कॉफी, एकीचे दोन अर्धे पेले, मागवता आणि मोठा अर्धा पेला माझ्याकडे सरकवून म्हणता, "न मोजता लिहायचं असेल तर टेप कशाला गळ्यात घालायची?" त्या हॉटेलच्या जागी आता दुसरं हॉटेल आहे. मी आत जाऊन बसलो. एकट्याला बाय-टू मागता येत नाही. अख्खी मागवली, अर्धी राहिली. समोर सरकवायला कोणी नव्हतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. तुमचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा घरातला तक्ता मीच केला होता. स्टीलच्या पट्टीनं रेघा मारून, कपाटाच्या दारावर चिकटवून. आईला लिहिता येत नव्हतं. ती वळवायची आणि मी कामावरून आलो की ती सांगेल तसं मी भरायचो. रविवारी दुपारी मात्र ती तीन तास मावशीकडे जायची, झोपायला. आठवड्यातली तिची सलग झोप तेवढीच. म्हणून रविवारी दोन वाजता तुम्हाला वळवायचं काम माझं. मी खिडकीशी ड्रॉइंग शिकायचं पुस्तक घेऊन बसायचो. दोन वाजले की उठायचो, तक्त्यावर "डावी कूस" लिहायचो आणि परत पुस्तकाशी येऊन बसायचो. एक रविवार नाही, अण्णा. पाच-सहा तरी. पुस्तकात गुंग होतो असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. मला तुम्हाला हात लावायची भीती वाटायची. जो माणूस मला पाऊण इंचाला धरायचा, त्याचं ते हलकं, सैल झालेलं अंग मला माझ्या हातात नको होतं. पेन्सिल धरली की हात गुंतलेले राहायचे.

तुमची वाचा गेली होती, नजर नव्हती गेली. त्यातल्या एका रविवारी मी लिहून वळलो तर तुम्ही जागे. तुम्ही तक्त्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून घेतलेत. तुम्ही बोलू शकला असता तर काय म्हणाला असता, ह्यावर मी इतकी वर्षं विचार केलाय. बहुधा काहीच म्हणाला नसता, नुसती कॉफी मागवली असती. पुढे तुमच्या उजव्या खुब्यावर रुपयाएवढी जखम झाली. आई म्हणाली, "माझंच कुठंतरी चुकलं." आणि तिनं रविवारी मावशीकडे जाणं बंद केलं. मी तिला खरं सांगितलं नाही. तेव्हा नाही, अजूनही नाही. तक्ता मात्र पूर्ण भरलेला होता, एकही घर रिकामं नव्हतं. डॉक्टरांनी तो बघून माझं कौतुक केलं होतं.

अक्कांनी आधी लिहिलं आणि मग वळवलं. मी लिहिलं आणि वळवलं नाही. आणि त्यांना खोटं म्हणणारा मी.

सोमवारी वर्कशॉप बंद ठेवून सकाळीच गेलो. इनचार्ज सिस्टरला सांगितलं, बाईंना काढू नका. ती वैतागली. "कालच तुम्ही म्हणालात ना, सर?"

"नोंद चुकीची होती, हे आजही म्हणतो. पण बाई बदलू नका, तक्त्याची जागा बदला. पलंगाच्या पायथ्याशी टांगा, दोरीला पेन्सिल बांधा, वळवलं की तिथंच नुसती खूण करता येईल अशी मोठी घरं करा. मी आखून देतो." आणि दिले आखून, नऊही पलंगांचे, तिथंच बसून. अक्का दुसऱ्या वॉर्डात चादरी बदलत होत्या, तिथून त्या परत आल्या. दोरीची पेन्सिल ओढून बघितली आणि म्हणाल्या, "लई बारीक माणूस हाय वो तुम्ही. मग मी पास का नापास?"

"पाठ बघितल्याशिवाय मी दाखला देत नाही."

"मग बघा की. आई हाय तुमची, परकी हाय काय?"

आई पलंगावरून म्हणाली, "आत घे गं त्याला. लाजतोय तो. बापाच्या वेळीपण असाच करायचा." तिला नक्की काय ठाऊक आहे, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दोन वाजता पडद्याच्या आत गेलो. अक्कांनी दाखवलं: एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, पायांमध्ये उशी, आणि ओढायचं नाही, आपल्याकडे येऊ द्यायचं. "स्वल्प थांबा, आधी हात चोळा," त्या म्हणाल्या. मी आईला डाव्या कुशीवर वळवलं. पाठ बघितली. कातडी सुरकुतलेली, कोरडी, पावडर लागलेली. माकडहाडाशी, खुब्यावर, कुठंही लाल डाग नाही. मग खूण केली. दोन वाजता, डावी कूस. आई म्हणाली, "बरं झालं," आणि डोळे मिटले. मला वाटलं तुम्हीही तसेच मिटले असते, दमून नाही, बरं वाटून. तेवढं एकदा बघायला मिळायला हवं होतं. एका रविवारी, एकदाच.

हे पाठवायचं नाहीच, तेव्हा वरची दोन-तीन वाक्यं खोडून नवी लिहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण वर्कशॉपमध्ये मी खाडाखोड चालू देत नाही. चुकलेली नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्ती लिहायची असा माझा नियम आहे. तर खाली लिहितो. आईला मी वळवलं नाही. अक्कांनी वळवलं, मी उशी धरून उभा होतो. आणि पाठ उघडी झाली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. डाग नाही हे अक्कांनी सांगितलं, ते मी माझं म्हणून लिहिलं.