नऊ नंबरचा खांब

१३ बहमन, शुक्रवार

सकाळ. चहाचा समोवार उकळतोय, घर अजून झोपलेलं. मला एकटीला वेळ मिळाला, अगदी नवल!

काल सासूबाईंचं चाळिसावं पार पडलं. हलवा तळाला जरा करपला. कुणाला कळलं नाही — शेजारच्या अक्रम खानमला सोडून. "केशर जास्त झालं वाटतं," म्हणे. केशर! जास्त! पण मग तिनेच माझ्या डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि स्वतःच्या पिशवीतून हिरवा काढून बांधला. "पुरे आता काळं. तुझ्या सासूलासुद्धा नको झालं असतं." मला रडू आलं. चाळीस दिवसांनी आरशात माझं तोंड जरा माणसासारखं दिसलं.

तेहरानहून निम्मं खानदान आलं आणि संध्याकाळी खालचा घाट बर्फाने बंद! सगळे मुक्कामाला. खोस्रो नुसता डोकं खाजवत उभा. याच्याच आईचं चाळिसावं, आणि हा पाहुण्यांसारखा! शेवटी मी दिराला गाठलं. "बहादोर, कुठूनही आण, पण गाद्या आण. माझ्या घरी पाहुणा थंड फरशीवर झोपणार नाही." डोंगरउतारावरच्या खुर्च्यांच्या लिफ्टवरची पाळी संपवून आला होता बिचारा, तसाच परत गेला. व्हॅनभर घेऊन आला. मशिदीतल्या असणार. सगळ्या माडीवर चढवल्या. माझा गुडघा धड नाही, मी खालूनच चादरी दिल्या. तरुण मंडळी वर झोपली.

मघाशी पहाटेच बहादोर जिन्यात घुटमळत होता. "वहिनी, वरच्या गाद्या जरा... लिफ्ट सुरू व्हायच्या आत..." मी हाकललं त्याला. "लाज नाही वाटत? पाहुण्याच्या अंगाखालची गादी ओढून काढणार? झोपू दे त्यांना!" गेला. याला नेहमी नको तिथे घाई!

आणि तो जातोय तोच गुलनार खाली — बूट हातात, ती फळी काखेत, केसांची टोकं जांभळी रंगवलेली. माझी धाकटी बहीण मनीजे लेकीवेडी, पोरीला काही म्हणून बोलत नाही. चाळिसाव्याला कुणी स्नोबोर्ड घेऊन येतं का! मी तसं म्हटलं, तर माझ्या कपाळाचा मुका घेतला. "मावशीजान, तुझी सासू मला काय म्हणायची? उड, उड, पण जेवायला ये. मी जेवायला येते. भाताची खरवड माझी हं, कुणाला दिलीस तर बघ!" आणि "बहादोरकाका, थांबा!" करत पळाली. पहिली खुर्ची तिला हवी.

भात भिजत घातला पाहिजे.

बाहेर कसली गडबड आहे? कुणीतरी खोस्रोला हाका मारतंय.


१४ बहमन, शनिवार

गुलनार गेली.

खरवड भांड्याला तशीच आहे.


१८ बहमन, बुधवार

तेहरानला तिला मातीत ठेवून आलो. पुन्हा काळा रुमाल. हिरवा एक दिवसही पुरता बांधला नाही.

हात चालत नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल. लिफ्टच्या खाली उतार अरुंद होतो, तिथे रात्रीचा बर्फ काचेसारखा झालेला. फळी घसरली. नऊ नंबरचा खांब. डोक्यावर शिरस्त्राण होतं, तरीही. फळीवरून पडून मेलेली ही काही पहिली नाही. गेल्या वर्षी तो करजचा मुलगा, त्याच्याआधी दोघं दरीकडच्या अंगाला. दरवेळी आम्ही "अरेरे" म्हणून चहा ओतला. परक्याचं मरण किती पटकन गार होतं!

त्या दिवशी मनीजे माडीवर जाऊन गुलनारच्या अंथरुणावर बसली ती उठेना. मी गुडघा ओढत वर गेले. जाड गादी होती, दोघी बहिणी मावलो. तिच्या उशीला तिचाच वास. आणि भोवती खोस्रो नि बहादोर बाकीच्या गाद्या भराभर उचलतायत! अशा वेळी! मी ओरडले, "आवरायची एवढी कसली घाई?" दोघं तशाच गाद्या घेऊन जिना उतरले.


२० बहमन, शुक्रवार

सातवा. मनीजेकडे.

लिफ्टचे इंजिनियरसाहेब आले, दोन माणसं उचलतील एवढा फुलांचा गोल घेऊन. पिस्ता सोलत सोलत म्हणाले, "पोरगी फार वेगात होती. फळीवाल्यांचं असंच. खांबाला नियमाप्रमाणे गादी बांधलेली होती, आमच्याकडून कसूर नाही." खजूर घेतला, तोंड पुसलं, गेले.

दाराशी चपलांच्या ढिगात फरीबोर्ज उभा होता, बर्फावरच्या मदत पथकातला. बूट घालता घालता पुटपुटला, "गादी नव्हती, बाई. तिला उचलताना माझ्या हाताला लोखंड लागलं. उघडं."

मनीजेने ऐकलं. माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. "ताई, तू तिथे राहतेस. खांबाची गादी कुणी काढली? मला एक नाव आणून दे. तिच्या चाळिसाव्याच्या आत. बाकी मला कुणाकडून काही नको."

आणून देते म्हटलं. आणणारच.


२४ बहमन, मंगळवार

सबंध गावाने तोंडात मिठाची गुळणी धरलीय!

फरीबोर्जकडे गेले. चहा. "मी असं म्हणालो? घाईत होतो वहिनी, काय लागलं हाताला कुणास ठाऊक." तिकीटवाल्याकडे गेले. चहा. "तुमचं दुःख आमचं दुःख." अरे पण गादी? "अजून एक घ्या ना, साखर तरी घ्या." अक्रम खानमकडे गेले. चहा!

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "देवाची मर्जी."

"खांबाची गादी देवाने सोडली का?"

"तोबा, तोबा! असं बोलू नये." आणि डोळे पुसायला लागली. चक्क माझा हात हातात घेऊन. भांडली असती तर बरं वाटलं असतं. हिच्याशी मी वीस वर्षं भांडतेय, आता नेमकी मऊ झाली!


२५ बहमन, बुधवार

गुडघा ओढत उतारावर जाऊन आले. नऊ नंबरला नवी कोरी लाल गादी. बाकी सगळ्या खांबांना निळ्या, उन्हाने विटलेल्या. कुणाला फसवताय?


३० बहमन, सोमवार

माझा तर्क असा — साहेबांनी जुन्या गाद्या परस्पर कुणाला तरी विकल्या. नाहीतर बड्या लोकांच्या मुलांसाठी पलीकडच्या उतारावर नेल्या. खोस्रोला म्हटलं. तो बुटाची नाडी बांधत होता, बांधतच राहिला.

"ऐकतोयस का?"

"पुरे कर. पोरीला शांत झोपू दे."

"तुझ्या भावाला विचार ना! तो तिथेच होता!"

बहादोर तर मी आले की उठून जातो. पूर्वी माझ्या हातच्या दाट आश-सूपसाठी भांडी घासून द्यायचा. आज अंगणात बर्फ ओढताना गाठलाच. गालाची हाडं वर आलीत.

"तू तिला खुर्चीत बसवलंस. खांब उघडा तुला दिसला नाही?"

फावडं थांबलं. "वहिनी, मी त्या सकाळी विचारलं होतं..."

"कुणाला? काय विचारलं होतंस? त्याचं नाव सांग!"

माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काही नाही. मीच गाढव." आणि पुन्हा फावडं.

भितो! सगळे नोकरीला भितात. एवढा उंचापुरा माणूस, आणि एक नाव तोंडातून निघत नाही.


६ एसफंद, रविवार

मनीजेने तक्रार केली. वकील म्हणतो, माणूस सापडला पाहिजे, नाहीतर साहेब, कंपनी, सरकार, नुसती टोलवाटोलवी.

अक्रम खानमने पुन्हा आश पाठवली. काल रोटीच्या रांगेत मला पुढे केलं. मी काय आजारी आहे? लोक माझ्याशी इतकं गोड का वागतात? संताप येतो. मला दया नकोय, उत्तर हवंय.


११ एसफंद, शुक्रवार

आज उतारावर पुन्हा रांगा. वरून पोरापोरींच्या आरोळ्या. मी खिडकी लावून घेतली. मग उघडली.

गुलनार पाच-सहा वर्षांची असताना सासूबाईंनी तिला चहाच्या पत्र्याच्या ताटात बसवलं होतं, ताटाला दोरी बांधून. आमच्याच मागच्या उतारावर. दोरी सासूबाईंच्या हातात. पोरगी ओरडायची, "सोड, आजी, सोड!" सासूबाई म्हणायच्या, "सोडीन, सोडीन," आणि कधी सोडली नाही. खाली पोचेपर्यंत धावायच्या तिच्यामागे, तोंडाला फेस येईपर्यंत.

बर्फात कुणीतरी हाताला दोरी धरून असलं पाहिजे. एवढंच तर काम होतं त्या लोकांचं.


१७ एसफंद, गुरुवार

मनीजेचा फोन. आवाज सपाट. "ताई, नाव?"

बहादोरला कोंडीत धरणार आहे, त्याला सगळं माहीत आहे हे आता नक्की. सोमवारपर्यंत थांब म्हटलं. "तुझा दीर आहे तो," ती म्हणाली. "सांगशील ना?" मी म्हटलं, तो असो नाहीतर कुणीही असो. माझ्या घरातला असला तरी सांगेन.


२१ एसफंद, सोमवार

परवा चाळिसावं. नवरोजची झाडलोट अंगावर. गुडघा गेला खड्ड्यात म्हटलं आणि माडी झाडून काढायला घेतली.

सासूबाईंच्या पेटीमागे माझीच चादर. तिच्यात गुंडाळलेली जाड, निळी, विटलेली गादी. कडेला पट्टे, बांधायचे. मागे पांढऱ्या रंगात ९. चादरीला चिकटलेला एक लांब केस, टोकाला जांभळा.

त्या पहाटे बहादोर जिन्यात उभा होता, आणि मी त्याला हाकललं.

फोन वाजतोय. मनीजे असणार. आज नाव सांगते म्हटलं होतं.