अकरा घरांचं पाणी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस. आईला जाऊन सात महिने झाले, तेवढ्यात तुझा एकच फोन आला, तोही तिच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी म्हणून. तुझी बायको म्हणाली, ताईंचं बोलणं फार लागतं त्यांना. लागावं म्हणूनच बोलते, तिला सांग. कागदाला निदान मध्येच 'ताई, मी मीटिंगमध्ये आहे' म्हणता येत नाही. तर बस, आणि शेवटपर्यंत वाच. काल आपल्या गल्लीच्या तोंडाशी नवी बंदीची यादी डकवून गेले. साथ पुन्हा वाढली आहे आणि गुरुवारपासून बंदी आहे. आपली अकरा घरं पुन्हा तिच्यात आहेत. पुन्हा 'टेकडी विभाग' या मथळ्याखाली.

दाखला द्यायला तुझ्या घरी आले होते तेव्हा दिवाणखान्यात तुझा तो पेपरातला फोटो पाहिला. चौकट करून लावलायस. मागे भिंतीभर नकाशा, तांबड्या-हिरव्या टाचण्या, पुढे तू, हातात काठी. खाली लिहिलंय की पाणीपुरवठा खात्याच्या पर्यवेक्षकानं चार तासांत अख्ख्या शहराची घरवार यादी तयार करून दिली. मी चहा न घेता उठले ते तुझ्या बायकोला आवडलं नाही. पण त्या नकाशात आपली गल्ली शोधत उभी राहिले असते तर मी काचेवर काय मारलं असतं ते मलाच माहीत नाही.

चार तासांत यादी झाली यात नवल काय? आरोग्य खात्याकडे कुठं किती माणसं राहतात याचा धड कागद नव्हता. तुमच्याकडे नळांची यादी होती, कोणत्या टाकीवरून कोणत्या घराला पाणी जातं ती. साहेब लोकांनी ठरवलं, एक टाकी म्हणजे एक विभाग. ज्या टाकीखाली रुग्ण जास्त ती टाकी बंद. टेकडीच्या टाकीखाली रुग्ण जास्त निघाले, टेकडी बंद. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्यात एखादी शेळी तीन किलोमीटर लांब, दवाखान्याच्या मागच्या भिंतीला चिकटून राहत असेल तर ती कुणाला दिसणार? नकाशात ती दिसत नव्हती, यादीत होती. आणि ती यादीत का होती हे त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं.

मागच्या बंदीचे ते चोवीस दिवस तू पाहिले नाहीस, म्हणून सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले. दुसऱ्या टोकाला दवाखान्याची भिंत, तिच्यातल्या मागच्या दाराला साखळी. समोरच्या पेठेत न्हाव्याचं दुकान उघडं, चपलांचं दुकान उघडं, आणि आठ पावलांवर आम्ही आत. किराणा टेकडीवरच्या ठरवून दिलेल्या दुकानातून आणायचा असा हुकूम होता. टेकडीवर जायला वाटेत मोकळा भाग लागतो आणि आम्हाला मोकळ्या भागात पाऊल ठेवायची बंदी. म्हणजे जेवायचं असेल तर उडत जा. बांबूपाशी बसवलेला पोलीस रोज सकाळी टेकडीवरून यायचा, कारण तो राहायलाच टेकडीवर होता. जिथं साथ होती तिथला माणूस, जिथं नव्हती तिथल्या माणसांवर पहारा करायला. बिचारा स्वतःच म्हणायचा, बाई, हसू नका, मलाही कळतंय. त्या चोवीस दिवसांत आमच्या अकरा घरांत एकालाही साधा ताप आला नाही.

आईच्या घशाच्या कॅन्सरवर किरणांचा शेक देणं चालू होतं. पस्तीस बैठका सांगितल्या होत्या, आठवड्याचे पाच दिवस, खंड पडू द्यायचा नाही असं डॉक्टरीण बाईंनी तीनदा बजावलं होतं. सोळा झाल्या होत्या. मागच्या दारानं गेलं तर मोजून चार मिनिटं लागायची, मी तिचा हात धरून न्यायचे. सतराव्या बैठकीच्या दिवशी दाराला साखळी. मी पास मागितला. पोलिसाकडच्या कागदावर अपघात, बाळंतपण, हृदयविकार एवढंच छापलेलं, घशाचा शेक त्यात बसत नव्हता. आणि हे ऐक, तुला हे कुणी सांगितलं नसेल. दवाखान्याच्या चादरी माझ्याच लाँड्रीत धुतल्या जातात, चादरी अत्यावश्यक सेवेत मोडत होत्या, म्हणून माझ्या ढकलगाडीला पास मिळाला. रोज सकाळी दहाला ती साखळी काढायचे, गाडी आत जायची, मैल्या चादरी घेऊन बाहेर यायची, पुन्हा साखळी. आई ओट्यावर बसून बघायची. एकदा म्हणाली, मला चादरीत गुंडाळ आणि ने, मी तरी कुठं फार मोठी राहिलेय. आम्ही दोघी हसलो. मग मी गाडीबरोबर आत जाऊन खरंच विचारून आले. शेक देणाऱ्या विभागात म्हणाले, पत्ता बंद विभागातला आहे, टेकडीच्या यादीत नाव आहे, आत घेता येणार नाही. यादी दुरुस्त करून आणा.

म्हणून मी तुला फोन केला. पहिल्या दिवशी तू म्हणालास, दोन दिवसांत होतंय. चौथ्या दिवशी म्हणालास, वर कळवलंय. सहाव्या दिवशी म्हणालास, ताई, यंत्रणेपुढं आपलं काय चालतं. अरे, यंत्रणा म्हणजे तूच की! यादी तुझ्या टेबलावर, पेन तुझ्या खिशात. नंतर तू ड्रायव्हरबरोबर फळांची पेटी बांबूपर्यंत पाठवलीस. आईला पाणी गिळवत नव्हतं आणि तू सफरचंदं पाठवलीस. मी ती पोलिसाला दिली.

आता ते बोलू, जे आपण दोघं नऊ वर्षं मूग गिळून बोललो नाही. मी लाँड्रीसाठी धुण्याचं दुसरं यंत्र घेतलं होतं, दवाखान्याचं काम नुकतं मिळालं होतं, आणि खालच्या टाकीचं पाणी करंगळीएवढं यायचं. मीच तुझ्या मागे लागले. भाऊ पाण्याच्या खात्यात आणि बहिणीचा नळ कोरडा, असं येता-जाता ऐकवलं. तू तेव्हा साधा फिटर होतास, माझा शब्द खाली पडू दिला नाहीस. सुट्टीच्या दिवशी दुपारी मित्राला घेऊन आलास, पेठेखालून जाणाऱ्या टेकडीच्या मोठ्या नळाला आमच्या गल्लीची शाखा जोडून दिलीस. कुठला हुकूम नाही, कुणाची सही नाही. शाखा एकच, म्हणून अकराच्या अकरा घरांना धो धो पाणी आलं. लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. आईनं पुढ्यात बसवून जेवू घातलं आणि मला म्हणाली, बघ, याला म्हणतात भाऊ. पुढे खात्यात वर चढल्यावर तू ती अकरा घरं गुपचूप टेकडीच्या रजिस्टरात चढवलीस, म्हणजे कुणी विचारायला नको. कुणी विचारलंही नाही, साथ येईपर्यंत.

यादी दुरुस्त करायची म्हणजे हे उघडं करायचं, हे मला कळत होतं. तुझी नोकरी जाईल या भीतीनं तू गप्प बसलास, तेही कळत होतं. मी तुला भित्रा म्हटलं, स्वार्थी म्हटलं, आईच्या घशावर पाय देऊन उभा आहेस असंही म्हटलं. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण एक गोष्ट तुला सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही.

नवव्या दिवशी बांबूपाशी एक अधिकारी बाई आल्या होत्या. वयानं लहान, पण कामाला पक्क्या, हातात त्याच यादीची प्रत. त्यांना काहीतरी खटकलं होतं. मला हाक मारून म्हणाल्या, तुम्ही तर खालच्या टाकीला लागून राहता, तुमच्याकडे टेकडीचं पाणी कसं? एवढाच प्रश्न. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे यादीतून अकरा घरं कापली असती आणि दुसऱ्या दिवशी आई शेकाला गेली असती. मला त्या क्षणी काय दिसलं सांगू? तुझी नोकरी नाही दिसली, उगाच गैरसमज नको. मला माझी दोन यंत्रं दिसली, कोरडी. चादरींचं काम दुसऱ्याकडे गेलेलं दिसलं. आणि मी म्हणाले, आम्ही राहायला आलो तेव्हापासून असंच आहे. त्यांनी माझ्या मागे ओट्यावर बसलेल्या आईकडे पाहिलं, आजी, खरं का? आईनं मान हलवली. तुझ्यासाठी हलवली की माझ्यासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. बाईंनी लिहून घेतलं आणि गेल्या. आणखी पंधरा दिवस बांबू तसेच राहिले.

बांबू निघाल्यावर डॉक्टरीण बाईंनी आईचा घसा पाहिला. पुढचे शेक दिले, वाढवूनही दिले. त्या चोवीस दिवसांमुळेच आई गेली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. खंड पडायला नको होता, एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर त्यांच्याच दवाखान्याच्या, मीच धुतलेल्या चादरीवर बसले होते. तू स्मशानात आलास, लांब उभा राहिलास, आणि मला म्हणालास, आपण जेवढं करता येईल तेवढं केलं. तेव्हा मला तुझा इतका राग आला की मी तुझ्याकडे पाठ केली. आता कळतं, त्यातला निम्मा तरी माझा माझ्यावरचा होता. उरलेला निम्मा अजून तुझाच आहे, तो कमी झालेला नाही.

काल यादी लागली, ती वाचून समोरचे कंडक्टर काका संध्याकाळी माझ्याकडे आले. निवृत्त झाल्यापासून त्यांची मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा मागच्या दारानं जाऊन रक्त धुऊन घेतात. एक खेप चुकली तर पाय सुजतात, दोन चुकल्या तर श्वास लागतो, तीन चुकवायची कुणाची छाती नाही. अत्यावश्यकच्या कागदात रक्त धुणं आहे का हे विचारायला काकू तीन ठिकाणी जाऊन आल्या. तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली आणि शेवटी सगळे तेच म्हणाले, यादी दुरुस्त करून आणा. काका माझ्या दारात उभे राहून म्हणाले, ताई, तुमचा भाऊ त्याच खात्यात मोठ्या जागेवर आहे ना, त्याच्या कानावर घाला की, आपला पाहुणा समजून तरी करेल. त्या नळामुळेच आपण यादीत आलोय हे त्यांना माहीत नाही. नऊ वर्षं ते तुझं नाव घेऊन अंगणात पाणी मारतात. मी मान खाली घालून म्हटलं, घालते. मग तुला सात फोन केले.

तू उचलले नाहीस ते बरंच झालं, कारण तू पुन्हा 'दोन दिवसांत होतंय' म्हणाला असतास आणि मी पुन्हा वाट बघत बसले असते. हरकती घ्यायची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे. मी आज सकाळी जाऊन अर्ज दिला. त्याच अधिकारी बाई होत्या, त्यांनी मला ओळखलं. सगळं लिहून दिलंय. नळ कुणी जोडला, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या वर्षी, रजिस्टरात कसा चढला, आणि मागच्या वेळी मी त्यांना खोटं सांगितलं तेही. खाली माझी सही आहे. जोड तोडतील तेव्हा गल्लीला पुन्हा करंगळीएवढं पाणी येईल आणि लाँड्री एका यंत्रावर आली तर आली, मी दवाखान्याला तसं कळवूनही आले. बाई म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही वेगळंच सांगितलंत, आता तुमच्या एकटीच्या शब्दावर विभाग बदलता येत नाही, खात्यातल्या माणसानं दुजोरा द्यायला हवा. उद्या सकाळी अकराला तुला बोलावणार आहेत. तुझ्यावर हे अचानक येऊ नये एवढ्यासाठी हे पत्र तुझ्या दारातल्या पेटीत टाकतेय, बेल वाजवणार नाही. तू 'नाही' म्हणू शकतोस. ताईचं डोकं फिरलंय, आई गेल्यापासून काहीबाही बोलते, असं सांगितलंस तर लोकांना पटेलही, आणि नोकरी वाचेल. फक्त एवढं लक्षात ठेव, कंडक्टर काकांना मी आत्ताच सांगून आलेय, शुक्रवारची तयारी ठेवा, माझा भाऊ आहे तिथे. मी आयुष्यात एकदा खोटं बोलले त्याची किंमत आईनं मोजली. आता खरं बोललेय, मला खोटी पाडू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई