काठ नसलेली चादर

॥ श्री ॥
मोहाडी, मंगळवार

चि. हेमराजला भाटव्याचा, म्हणजे तुझ्या शोभाताईच्या हयात नवऱ्याचा, अनेक आशीर्वाद.

इकडे मी खुशाल आहे. (हे वाक्य आजवर सवयीने लिहीत आलो, या खेपेला पुरावा म्हणून लिहितो.) तुझे गुडघे, सूनबाई आणि म्हैस ठीक असावीत. तुझा श्रद्धांजलीचा मेसेज पोचला. फोटो छान निवडलास, त्यात मला केस आहेत. शोभा शनिवारपासून तुझ्याकडे सानगडीला आहे. तिला परत पाठव, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. माहेर तिचं आहे, दिवाळीपर्यंत राहू दे. फक्त झालं काय ते माझ्याकडूनही कळावं. तुला फोन केला तर ती उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवून देते, म्हणून पोस्टाची पायरी चढलो.

सुरुवात भोजराजपासून करावी लागेल. त्याचा शहापूरला हायवेवर ढाबा होता, तू तिथे शेवभाजी खाऊन आजारी पडला होतास, तोच. ढाब्यामागे लग्नाचा लॉन झाला. वऱ्हाडी लॉनवरच लोळू लागले म्हणून खोल्या झाल्या. खोल्यांना एसी लागले तसं त्याला रिसॉर्ट म्हणू लागले, आणि मालिश करणारे ठेवले तशी कंपनी झाली. 'निवांत रिसॉर्ट अँड स्पा'. नंतर जंगलाच्या कडेला दुसरं झालं, आता साकोलीच्या अलीकडे तलावाकाठी तिसरं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात; भोजराजने आधी पाय पसरले आणि अंथरुणं माझ्याकडून विणून घेतली. त्याची वाढ मी चादरींवरून ओळखतो. (आपल्या भागात एवढी माणसं दमलेली आहेत हे मला माहीत नव्हतं. जी खरोखर दमतात ती तिकडे दिसत नाहीत, तो भाग वेगळा.)

तर मागणी आली मालिशच्या चादरींची: पांढऱ्याशुभ्र, सपाट, काठ अजिबात नको. शोभा रहाटावर विणायच्या सुताच्या कांड्या भरत होती. म्हणाली, "बिनकाठाचं पांढरं कापड कोनासाठी विनतेत, ठावं नाही का तुमाले?" मी म्हटलं, शहरी लोकांना तसंच आवडतं. ती म्हणाली, "त्याईले आवडू द्या. अंगावर घ्यायची पाळी तुमच्यावर नको येवो." कांड्या मात्र भरून दिल्या. इथवर सगळं ठीक होतं.

शनिवारी तिसऱ्याचं उद्घाटन. माल पुरवणाऱ्या सगळ्यांना सहकुटुंब जेवण. भोजराजने माझा हात धरला, "काका, चादरी विनता, एकदा झोपून तं पाहा!" आणि मला संघपालच्या ताब्यात दिलं. हा केरळात शिकून आलेला आपल्याकडचाच पोरगा, बोलायला लोणी आणि हाताने वरवंटा. त्याने आधी तुळशीचा काढा पाजला. त्यातलं एक पान ओठाला चिकटून राहिलं. मग टेबलावर निजवलं, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. मी हरकत घेतली. म्हणाला, "काका, तेल गरम करायचा प्लग तिकडंच आहे." तेल झालं, डोळ्यांवर गुलाबपाण्याचा कापूस झाला, उशाशी उदबत्ती, भोवती झेंडूच्या पाकळ्या, आणि गळ्यापर्यंत माझीच चादर. "पंधरा मिनिटं हालायचं नाही," असं बजावून तो बाहेर गेला. मी आज्ञाधारक माणूस.

इतक्यात पंगत बसली म्हणून शोभा मला बोलवायला आली.

हेमराज, तुझ्या बहिणीचा आवाज तुला माहीत आहे. कापूस डोळ्यांवर होता, कानांत नव्हता. "माय वो! मले टाकून काहून गेले वो!" मी उठणारच होतो. पण पुढे ती म्हणाली, "येवढा बारीक हात साऱ्या मोहाडीत कोनाचा नोहोता वो!" आता तूच सांग. इतक्या वर्षांत हातमागावरून उठल्यावर मला एकच शब्द ऐकायला मिळाला, "झालं?" आणि इथे सगळं कौतुक एका दमात चाललेलं. "मी जेवल्याबिगर कधी ताट नाही ओढलं! कधी टोचून नाही बोलले!" (हे तितकंसं खरं नाही, पण अशा वेळी कोण दुरुस्ती करतो?) दारात माणसं जमली. (त्यांच्यातल्याच कुणीतरी तुला खबर दिली असणार.) तोंडाला माती फासलेल्या नागपूरच्या एक बाई माझ्यासाठी हुंदके देऊ लागल्या. मी पडून राहिलो. लोभ वाईट.

मग शोभाने सूर चढवला, "साखरेची बिमारी असून मांगच्या खोलीत लपून चार चार बालुशाया खायचे, मी कधी बोलली नाही वो!"

मी ताडकन उठून बसलो. म्हटलं, "दोनच!"

नागपूरच्या बाई मातीसकट पार्किंगपर्यंत पळाल्या. भोजराज भिंतीला टेकला. शोभाने आधी माझ्या छातीला हात लावून पाहिला, देवाचं नाव घेतलं, डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "मंग येवढा वेळ आयकून राहिले व्हते का?" इथे मला हसू आलं. तेवढंच चुकलं. ती न जेवता निघाली आणि सानगडीची गाडी धरली. तिच्या ताटातली बालुशाही तशीच राहिली. (मी तिला हात लावला नाही.)

माझं काही अडलेलं नाही. भात मला करता येतो, खालचा थर सोडून देतो. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा (अद्याप) भाटवा,
नंदलाल

ता. क. भोजराज काल घरी आला. पाहुणे चादर पाहून बिचकतात म्हणून आता तिन्ही रिसॉर्टला लाल काठाच्या चादरी हव्या आहेत. शोभाला सांग, तुझंच खरं ठरलं.

ता. क. दुसरा. भरलेल्या कांड्या रविवारीच संपल्या. मी स्वतः भरून पाहिल्या, सूत तुटतं. माग गप्प आहे. घरही. तिला आणायला शनिवारी येऊ की रविवारी, तेवढं विचारून कळव.

ता. क. तिसरा. हे पत्र तू तिला वाचून दाखवशीलच, म्हणून लिहितो: बालुशाया चारच होत्या.