काळी एकवरचा ठिपका

प्रिय अप्पा,
शरणार्थ.

तुम्ही गेल्याला आठ महिने झाले. दुकानाच्या पत्त्यावर अजून तुमच्याच नावानं टपाल येतं, पण आज माझ्या नावाचं पाकीट आलं. लातूरच्या कलेक्टर कचेरीतून. हाव, तीच नोकरी! लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. अव्वा म्हणाली, "जिल्हा काय तुमच्या घरी जन्मला का?" तर तुम्ही म्हणालात, "अगं, नवी कचेरी म्हणजे नव्या खुर्च्या. त्यातली एक आपल्या कांताची." दुसऱ्याच दिवशी अर्ज आणला आणि माझ्या पुढ्यात बसून तुमच्याच हातानं भरला.

सोमवारी हजर व्हायचं आहे. आज शुक्रवार. आणि मला जायचं नाही, अप्पा.

घ्या, लिहून टाकलं! आता रागवा.

मला गायचं आहे. मठातल्या सोमवारच्या भजनापुरतं नव्हे, तेच काम म्हणून. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "सरकारी पगाराला दुष्काळ नसतो, माय. गाण्याला आधी पाऊस लागतो, मग ऐकणारे." किती वेळा ऐकलं हे वाक्य! गिऱ्हाइकाला गूळ तोलता तोलतासुद्धा ऐकवायचात.

पण मला मठात नेऊन बसवलं कुणी? तुम्हीच ना? पेटीवर तुम्ही, तबल्यावर बशीरचाचा, टाळकऱ्यांत सगळे बाप्ये, आणि तुमच्या मांडीला मांडी लावून नऊ वर्षांची मी. बाप पोरीला पुरुषांत बसवतो म्हणून लोक कुजबुजले, तर तुम्ही पेटी थांबवून म्हणालात, "ज्याला ऐकायचं न्हाई त्यानं चहा पिऊन यावं!" कुणी उठलं नाही. त्या दिवशी मला तुमचा लई अभिमान वाटला होता.

सकाळी पूजा झाली की बोटाला राहिलेलं भस्म तुम्ही पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर टेकवायचात. पांढरा ठिपका. "काळी एक. इथून सूर धर, कांता." मी धरायची. पण तिथून माझा आवाज कधी मोकळा निघालाच नाही. खाली उतरलं की नुसता वारा. उन्हाळ्यातल्या विहिरीत बादली तळाला खरडते ना, तसा खरडायचा. तुम्ही मायेनं म्हणायचात, "बारीक आवाज हाय तुझा. देवापुरता ठीक हाय. पोट न्हाई भरायचं त्याच्यावर." तुम्ही म्हणालात म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले.

म्हणून तर तुम्हाला शेवटचं नेताना मी गायले नाही. आपल्या रीतीप्रमाणं, पेटीपुढं बसायचात तसंच बसवून तुम्हाला नेलं. कपाळभर भस्म, गळाभर हार. बशीरचाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटी, एक बोल ना." सगळे भजन म्हणत होते, फक्त मीच तोंड मिटून चालले. एवढ्या लोकांत माझा खरडका आवाज कशाला, असं वाटलं. ते माझ्या मनातून जात नाही, अप्पा.

आता जे सांगते ते नीट ऐका. यंदाच्या उन्हानं पेटीच्या भात्याचं कातडं तडकलं. मागच्या महिन्यात ती घेऊन मी नांदेडला गेले. दुरुस्तीवाल्याकडं एक गाण्याच्या बाई त्यांची पेटी न्यायला आल्या होत्या. कुमुदबाई त्यांचं नाव. पेटी नीट झाली तशी दुरुस्तीवाला म्हणाला, "म्हणून बघा काहीतरी." मी ठिपका बघितला, सूर धरला आणि दोन ओळी म्हटल्या. नेहमीसारख्याच, खरडत खरडत.

बाईंनी विचारलं, "ही खूण कुणाची?"

"अप्पांची."

"मग तू अप्पांच्या गळ्यानं का गातेस? ही पट्टी पुरुषांना बरी. बाईमाणसाचा गळा वर असतो." आणि त्यांनी माझं बोट धरून तीन काळ्या पट्ट्या पुढं नेलं. काळी चारवर. "आता म्हण."

अप्पा, काय सांगू! तेच भजन, त्याच ओळी, पण आवाज असा निघाला की दुरुस्तीवाल्यानं हातातलं कातडं खाली ठेवलं. मला वाटलं, मागं दुसरीच कुणीतरी गाते. म्हणून झालं आणि मी तिथंच रडायला लागले. आनंदानं नव्हे. रागानं! इतक्या वर्षांत बोटभर पुढं सरकवायला तुम्हाला काय झालं होतं हो? तुमच्या गळ्याला बरी ती पट्टी जगाला बरी, असं कसं धरून चाललात?

उदगीरला घरी परतले ती तडक बशीरचाचांकडं गेले. भांडायलाच. ते मान खाली घालून म्हणाले, "मालूम था, बेटी. पन तबला एकीच था, वो बी काळी एक का. और अप्पाकू बोलता कौन?" बगा आता! एका तबल्यापायी आणि तुमच्या धाकापायी आख्ख्या भजनी मंडळानं माझा गळा दाबून ठेवला. मला हसू फुटलं. चाचाही हसले, मग डोळे पुसत बसले.

कुमुदबाई मला शिकवायला तयार आहेत, घरी ठेवून. तिथल्या एका शाळेत गाण्याच्या बाई हव्या आहेत, तिथं त्या माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. "भाजी-भाकरी सुटेल. बाकीचं तुझ्या मेहनतीवर," म्हणाल्या.

तरी आज ते पाकीट हातात आलं तेव्हा मी ते तुमच्या पेटीवर नेऊन ठेवलं. अर्जावर तुमची शाई आहे. तुमची शेवटची इच्छा मोडायची म्हणजे काय, हे माझं मला माहीत. दिवसभर तुमच्याशी भांडत होते. आणि मग तुमचंच एक आठवलं.

मी चौथीत होते तेव्हाचा तो मोठा दुष्काळ. दुकानात साखर नाही, तेल नाही. घरोघरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. मापं पालथी घालून ठेवली होती तुम्ही. पण दिवेलागणीला दुकानाच्या अर्ध्या लावलेल्या फळ्यांच्या आत पेटी वाजायचीच. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं हातपाय न धुता पायरीवर येऊन बसायची. धुवायला पाणी होतं कुठं? तरी दोन भजनं ऐकल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मग कसं म्हणता हो, गाण्याला आधी पाऊस लागतो? पाऊस नव्हताच की तेव्हा! लोक मात्र आले होते.

हे अव्वाला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी अर्ज भरला तो तू उपाशी मरू नये म्हणून. तू गाऊ नये म्हणून न्हाई. जा नांदेडला. मी हाय इथं." मग म्हणाली, "मला काळी चारवरचं ऐकव की एकदा." ऐकवलं. सुपात हात तसाच ठेवून ऐकत बसली.

तर अप्पा, लातूरला नकार लिहिला आहे. उद्या टाकते. खुर्ची दुसऱ्या कुणाच्या तरी कांताला मिळेल, तिचं भलं होवो.

तुमचा ठिपका पुसलेला नाही. काळी चारवर मी दुसरा लावला आहे. बोट तुमच्यासारखंच टेकवलं, पण ठिपका थोडा मोठा झाला.

आणि एक शब्द देते. तुमच्या पुण्यतिथीला, जिथं असेन तिथून, मी मठात येईन. काळी चारला लागतो तो मोठ्या तोंडाचा तबला आणायचं चाचांनी कबूल केलं आहे. तुम्हाला नेताना माझ्या तोंडून राहिलं ते भजन मी म्हणीन, माझ्या पट्टीत, पोटातून. तुम्ही मला गायला बसवलंत, पण माझा आवाज तुम्ही अजून ऐकलेलाच नाही, अप्पा. त्या दिवशी ऐकवते.

तुमचीच,
कांता