पातेल्याच्या बुडाला जे लागते त्याविषयी

मी, बंदराच्या रस्त्यावरील खानावळीची मालकीण आणि जहाजावरच्या आचाऱ्याची विधवा, माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. जीभही शाबूत आहे; आज सकाळीच रश्श्यात मीठ विसरलेले मी पहिल्या चमच्याला ओळखले. गुडघे गेले, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. यापूर्वी मी काही लिहिलेले आढळल्यास ते रद्द समजावे.

कलम १. मला दोन मुले. थोरला मुलगा विमा कंपनीत साहेब आहे. त्याच्यानंतर फार उशिरा, आम्ही आशा सोडल्यावर, मुलगी झाली. आज खानावळ तीच चालवते.

कलम २. खानावळ, वरच्या दोन खोल्या, चुली, भांडी, टेबले आणि दारावरची पाटी हे सर्व मुलीचे. जागा विकून टाकावी असे थोरल्याचे म्हणणे आहे. "आई, तिला ना नवरा ना मूल, एवढी जागा घेऊन ती करणार काय?" असे तो विचारतो. "स्वयंपाक," एवढेच मी सांगितले. जागा विकण्याचा अधिकार फक्त मुलीला राहील. तिच्यावर कोणी दडपण आणू नये.

कलम ३. बँकेतील ठेव पूर्णपणे मुलाची. तोंडाला पाने पुसली असे त्याला म्हणता येणार नाही. शिवाय माझा बिडाचा तवा त्याला द्यावा. सूनबाईंच्या घरी एकाही भांड्याला काही चिकटत नाही, म्हणून हा तवा मुद्दाम देते.

कलम ४. धाकट्या भाऊजींना झाकणाचे पितळी भांडे द्यावे. 'अल देन्ते' हा इटालियन शब्द त्यांच्या भावाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, घरी आणला. दाताला किंचित लागेल इतके शिजवायचे, असा त्याचा अर्थ. भाऊजींनी तो उचलला, आणि तेव्हापासून ते कच्चे वाढतात आणि वर तो शब्द ऐकवतात. त्यांनी झाकण ठेवून शिजवावे. बाकी माझा त्यांच्यावर राग नाही, असला तरी तो माझ्याबरोबर जाईल.

कलम ५. आता मुद्द्याचे. वकीलबाई म्हणतात की हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवा, असे मी सांगितले आहे.

यजमान सफरीवरून परतताना कापड आणत नसत, अत्तर आणत नसत. शब्द आणत. भाताच्या पातेल्याच्या बुडाला जो खरपूस थर लागतो, त्याला आपण खरवड म्हणतो. ते सांगत, इराणी लोक त्याला 'तहदीग' म्हणतात आणि तो आधी पाहुण्याला वाढतात. स्पेनमध्ये तो 'सोकाराट', आणि त्याच्यासाठी सख्खी भावंडे चमच्याने भांडतात. कोरियात 'नुरुंगजी'. "जगात कुठेही जा," ते म्हणत, "बुडाशी काय लागलंय ते लोक विचारतातच." मुलगी झाली, तिला मांडीवर घेतले आणि म्हणाले, "ही माझी खरवड. सगळ्यांत शेवटी आली, सगळ्यांत गोड आली." ती मोठी झाली तरी हाक तीच. ते जेवायला बसले की विचारत, "खरवड कुठंय?" मग ती पानात थर वाढायची आणि स्वतः शेजारी बसायची. दोघेही हसायचे.

ते गेले. सगळे आटोपल्यावर घरची माणसे जेवायला बसली आणि जागेचा विषय निघाला. "धाकटीलाही विचारा," असे भाऊजी म्हणाले. थोरला म्हणाला, "तिला काय विचारायचंय? खरवड ती. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली."

शब्द बापाचाच होता. माझी लेक उठली, चुलीवरून पातेले उतरवले आणि त्यात तांब्याभर पाणी ओतले. तेव्हापासून रोज भात काढला की ती पाणी ओतते आणि तळ घासून टाकते. जुनी गिऱ्हाइके मागतात, तेव्हा "लागलाच नाही" म्हणते. मला हे बघवत नाही. तिने स्वतःलाच घासून टाकायला घेतले आहे असे वाटते.

थोरल्या, ही अट नाही. अट टिकणार नाही असे वकीलबाई म्हणतात. तुझ्या आईची मागणी समज. मी गेल्यावर खानावळीत ये, गिऱ्हाइकासारखा बाहेर बसू नकोस, आत चुलीजवळ पाटावर बस, आणि बहिणीकडे ते माग. तहदीग म्हण, सोकाराट म्हण, जमेल ते म्हण. खरवड म्हणायचे असेल तर बाबा ज्या सुरात म्हणायचे त्या सुरात म्हण. तुला तो सूर चांगला ठाऊक आहे. तू झालास तेव्हा तुझ्याशीही ते त्याच सुरात बोलत.

आणि पोरी, तो आला, तोंडातून शब्द फुटला नाही, आणि तुझा हात सवयीने तांब्याकडे गेला, तर जाऊ दे. ओत पाणी. फक्त पातेले उतरवू नकोस, खाली आच राहू दे. कोरियातली माणसे हेच करतात, बाबांनी मला सांगितले होते, तुला सांगायचे राहिले. खरपूस थरावर पाणी घालून ते उकळतात आणि जेवण झाल्यावर गरम गरम पितात. पाणी ओतल्याने तो थर वाया जात नाही, बाळ. दोन वाट्या भर. एक त्याला दे.

सही: खानावळीची मालकीण
साक्षीदार १: समोरचा शिंपी, रोजचे गिऱ्हाईक
साक्षीदार २: भांड्यांना डाग देणारे काका, या पातेल्याचे बूड यांनीच दोनदा बसवले
लेखनिक: वकीलबाई
ठिकाण: खानावळीचे स्वयंपाकघर
दिनांक: आजचा सोमवार, खानावळ बंद असण्याचा वार. भात घरच्यांपुरता टाकला आहे, अजून उतरवलेला नाही.