सील नसलेलं मीटर

२ डिसेंबर १९८६
उजवी दाढ ठणकतेय. डावीकडच्या कधीच गेल्या, चावायला ही एकच. ४ जानेवारीला सासुरवाडीला, रोहण्याला, रोडग्यांचं जेवण. निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे टणक गोळे. दाढ वाचलीच पाहिजे. दाताचे डॉक्टर प्रभाकरराव म्हणाले, रूट कॅनाल करू, तीनदा यावं लागेल. तीनदाच का? लक्ष ठेवणे.

८ डिसेंबर
डॉक्टरांचं पायाने चालवायचं दात कोरायचं मशीन गेलं, विजेचं आलं. शिवाय दाढेची वरपासून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी मोजायला नवं खोकं. एक वायर मुळात, दुसरीचा आकडा माझ्या ओठाला. बावीस वर्षं मीटर रीडर आहे, लोकांचे वीजचोरीचे, तारेवरचे आकडे पकडले. आज माझ्याच तोंडात! काटा थांबला. म्हणे साडेएकोणीस मिलिमीटर. खोक्याला सील नाही. विचारलं तर म्हणाले, तोंड उघडं ठेवा. उत्तर टाळलं.

९ डिसेंबर
आरशासमोर झाडूची काडी लावून पाहिली. एवढी ठणकणारी दाढ पंचवीसच्या खाली असूच शकत नाही. रीडिंग मुद्दाम कमी. काम अर्धवट राहणार, मी चकरा मारणार. बरोबर पकडलं.

१५ डिसेंबर
ऐन वेळी मान वळवून काटा स्वतः वाचला. डॉक्टर चिडले. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा साडेएकोणीस. आठवडाभरात आकडा जरासुद्धा हलला नाही. बंद मीटरची हीच खूण.

२२ डिसेंबर
आज तिसरी वेळ होती. गेलो नाही. ठणका थांबलाय, म्हणजे तिसरी चक्कर उगाचच. संशय खरा. बायको मंदा म्हणे, दाढ तुमची हाये, डॉक्टरची नाई, काऊन जात नाई? तिला टेक्निकल बाबी कळत नाहीत.

२८ डिसेंबर
गाल सुजला. थंडीमुळे.

२९ डिसेंबर
थंडी फारच.

३१ डिसेंबर
ताप. मंदाने रिक्षात घालून नेलं. आत पू. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असतात तर वाचली असती. दाढ काढली. मी मागून घेतली. पुरावा.

४ जानेवारी १९८७, दुपारी, रोहणा
शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजले. सगळे कडाकडा खात होते. मेहुणे किसनराव शाळेत मास्तर. त्यांची फूटपट्टी मागवली आणि पुडीतली दाढ सगळ्यांदेखत मोजली.

साडेएकोणीस.

उलटी धरून मोजली. तेवढीच. किसनरावांनी विचारलं, काय जवाईबापू, बरोबर हाये ना? माझ्या ताटातला रोडगा मंदाने वरणात कुस्करून दिला. फार वाईट वाटलं.

फूटपट्टीलाही सील नव्हतं. पण मी बोललो नाही.