ग्रुपवरचा मामा

प्रिय आई,

काल तुझा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तुझ्या लाडक्या लेकानं काय केलं ठाऊक आहे? खिशातून मोबाइल काढला आणि त्यावर कावळ्याची कावकाव लावली! जवळ झाडावर दोन कावळे होते, तेही उडाले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तुझं मन कशात अडकलंय ते मला तिथेच बोलायचं होतं, पण चौघं जण शूटिंग करत होते. त्यांच्यापुढे तोंड उघडावंसं वाटेना. म्हणून लिहिते आहे.

मोबाइलचं कौतुक तुला काय कमी होतं? रोज सकाळी माहेरी, मामाशी बोलायचीस, तेही गल्लीला ऐकू जाईल असं. फोन ठेवून मला म्हणायचीस, "पाय व, आपलं साखरखेर्डं कसं मुठीत आलं!" मी हसायचे. चुकलीस आई, मुठीत आलं ते फक्त तुझ्या. आमच्या हुशार माणसांना त्याच यंत्रावर एक फोन लावता आला नाही!

तू गेलीस आणि पुण्याहून आलेल्या दादानं आधी ग्रुपवर तुझा फोटो टाकला, फुलांच्या चौकटीत. मी तुझ्या उशाशी होते. "मामाला कळवलं का?" विचारलं, तर त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ, मामांनी श्रद्धांजली लिहिलीय. हात जोडलेत. म्हणजे येत नाहीत. उचला आता."

बहिणीला माहेरची साडी नेसवायची सोडून मामा हात जोडून मोकळा होईल? त्या शहाण्याला एवढंही सुचू नये?

ग्रुपवरचा मामा म्हणजे मामाचा पुण्यातला मुलगा होता गं! दादानं तो नंबर मामाच्या नावानं ठेवलेला. त्या मुलाला वाटलं, बापाला कुणीतरी सांगितलंच असेल. आणि बटणाचा साधा फोन खिशात घेऊन मामा तिकडे शेतात भेंडी तोडत होता.

दुसऱ्या दिवशी मी तुझा फोन चालू केला आणि तो लगेच वाजला. मामा होता. "बाई, काल फोन काऊन बंद होता व? बरं हाय ना?"

काय सांगू? तू असतीस तर तू काय सांगितलं असतंस? "मामा, आई गेली" एवढंच सांगता आलं, कालच उचललं हे नाही.

संध्याकाळच्या गाडीनं मामा आला. पिशवीत साडी, बारीक काठाची, तुला आवडायची तशी. घरात पाणीसुद्धा प्याला नाही. ओट्यावर बसून मला म्हणाला, "आता हे कोनाले नेसवू, पोरी?" दादा आतून म्हणाला, "मामा, नेटवर्कचा प्रॉब्लेम झाला असेल."

नेटवर्कचा! लाज नावाची गोष्ट कोणत्या दुकानात रिचार्ज करून मिळते, ते कुणी सांगेल का मला?

काल पिंडासमोर मामा एकटाच हात जोडून पुटपुटत होता. तू त्याच्यावर रुसून गेलीस असं त्याला वाटतंय. आई, रुसायचं तर आमच्यावर रूस. त्याच्यावर नको.

मी शब्द देते. ती साडी मी नेसणार. मढ्यासाठी आणलेली नेसली म्हणून बाया नावं ठेवतील, ठेवू देत. भाऊबीजेला तीच नेसून साखरखेर्ड्याला जाईन आणि तुझ्या जागी मामाला ओवाळीन. दादासाठी मात्र या वर्षी पाट मांडणार नाही.

तुझीच,
शोभा